पट्टीच्या केबलवर ब्लेड का चाललं

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सुटे भाग आणून ज्यांनी घरी पीसी जोडला, त्यांना ती राखाडी पट्टी नक्की आठवत असेल. दोन इंच रुंद, एका कडेला लाल रेघ. हार्ड डिस्कला एक, बहुतेकदा सीडी ड्राइव्हला दुसरी, शिवाय फ्लॉपीची ३४ तारांची वेगळी. झाकण लावताना या पट्ट्या घड्या घालून कोंबाव्या लागत आणि पुढून येणाऱ्या हवेला त्यांचा पडदाच आडवा येई.

हार्ड डिस्क मदरबोर्डला जोडणारी ही आयडीई जोडणी १९८६च्या सुमारास आली. तिची केबल चपटी होती ती स्वस्ताईसाठी. कनेक्टर दाबला की त्याचे दाते आवरण भेदून चाळीसही तारांना एकदम टेकत, सोल्डरिंगची गरजच नसे. त्या काळच्या ३८६ प्रोसेसरला उष्णता काढून घेणारा धातूचा ठोकळा, म्हणजे हीटसिंकही लागत नसे, मग हवेची काळजी कोण करणार?

१९९८ मध्ये इंटेलचा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए आला. बसचा, म्हणजे प्रोसेसर आणि मदरबोर्डमधल्या वाटेचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की अनेकांकडचा हा प्रोसेसर ४५० वर पळे. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं, वाढलं तशी उष्णता वाढली, एकेक अंश मोलाचा झाला आणि हौशी लोकांनी केबलच फाडायला घेतली. कनेक्टरपाशी बोटभर जागा सोडायची, दोन तारांमधल्या खाचेत ब्लेडचं टोक रोवायचं, चार-चार तारांच्या फिती हाताने ओढून सुट्या करायच्या, मग सगळ्यांची जुडी करून झिप टायने बांधायची. एका तारेचं तांबं उघडं पडलं तरी केबल बाद.

नेमक्या त्याच सुमारास यूडीएमए ६६ या आयडीईच्या जास्त वेगवान प्रकारासाठी ८० तारांची केबल आली. रुंदी तेवढीच, पिनाही ४०च. वाढलेल्या ४० तारा ग्राउंडच्या होत्या: शेजारच्या सिग्नलची गडबड अडवण्यासाठी एकाआड एक बसवलेल्या. जुडी केली की ही रांग मोडते, म्हणून ही केबल घरी फाडणं मला धोक्याचंच वाटतं. विकतच्या चांगल्या गोल केबलमध्ये प्रत्येक सिग्नल तारेला ग्राउंडचा पीळ दिलेला असे. काही मात्र १८ इंचांची मर्यादा ओलांडून लांबलचक बनवलेल्या होत्या. त्यांवर माझा भरवसा नाही.

थंडाव्याचा फायदा पट्टी थेट पंख्यासमोर असेल तिथेच खरा होता. तरी ब्लेड चालवणाऱ्यांचं निदान अचूक होतं. २००३च्या सुमारास आयडीईची जागा घेणारी साटा ही जोडणी बाजारात आली, तेव्हा डेटा केबल बोटापेक्षा अरुंद झाली आणि मोकळी हवा हा तिचा एक फायदा म्हणून सांगितला गेला. तिच्यात सातच तारा, आणि त्यांतल्या तीन ग्राउंडच्या.