गेवुर्त्सट्रामिनर

गुलाबी सालीचा, अतिशय सुगंधी द्राक्षवाण. मण्यांची साल तांबूस-गुलाबी असली तरी वाइन पांढरी, सोनेरी झाक असलेली होते. अल्सास (फ्रान्स), जर्मनी व उत्तर इटलीत प्रामुख्याने लागवड.

उगम : उत्तर इटलीच्या दक्षिण टिरोल भागातील ट्रामिन गावावरून हा वाण आला, असे परंपरेने सांगतात. त्या गावाची वाइन मध्ययुगात प्रसिद्ध होती. परंतु ती याच द्राक्षाची होती असे मानायला पुरेसा आधार नाही. वंशाचे पुरावे ईशान्य फ्रान्स व नैर्ऋत्य जर्मनीकडे झुकतात आणि ते मत अधिक ग्राह्य वाटते. फ्रान्समधील ऑर्लेआं येथे मिळालेल्या, सुमारे १०५० ते १२०० या काळातील द्राक्षाच्या बीचा डीएनए याच वंशातील सावान्यँ ब्लाँ या पांढऱ्या वाणाशी जुळल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ही जुळणी वंशाचे वय दाखवते. गुलाबी रूप तेव्हा होते की नाही, हे तिच्यावरून ठरत नाही.

सावान्यँ ब्लाँ पांढरा, सावान्यँ रोज गुलाबी, आणि गेवुर्त्सट्रामिनर हे गुलाबी रूपाचे सुगंधी उत्परिवर्तन. तिन्ही एकाच वाणाची रूपे मानणे सयुक्तिक आहे. अशी रूपे काडी लावूनच टिकतात, आपल्याकडेही याचे उदाहरण आहे. तासगाव परिसरात थॉमसन सीडलेसमधून निवडलेली तास-ए-गणेश कोल्हापूरच्या बाजारात सर्वपरिचित आहे. तिथेही बी न लावता काडी लावूनच वेगळेपण टिकवले गेले. सुगंधामागे डीएक्सएस जनुकातील बदल असून जिरानिऑल व सिस-रोज ऑक्साइड या सुगंधी संयुगांमुळे गुलाब व लिचीचा वास येतो.

नातलग : सावान्यँ ब्लाँपासून फ्रान्सच्या ज्युरा भागात ‘व्हँ जोन’ ही पिवळसर वाइन होते. पिनो या जुन्या द्राक्षवाणाशी सावान्यँचे पालक-अपत्य नाते आहे. सोविन्यॉन ब्लाँ व शेनिन ब्लाँशीही. हे शेवटचे दोन नाशिक भागात वाइनसाठी लावतात, म्हणजे हे घराणे महाराष्ट्रात आधीच रुजले आहे.

कोल्हापूर परिसर : जिल्ह्यावर उसाचे वर्चस्व, द्राक्षे मुख्यतः शेजारच्या मिरज, तासगाव, जत भागांतून येतात, तीही खाण्याची व बेदाण्याची. गेवुर्त्सट्रामिनर लवकर फुटणारा, थंड हवेचा वाण असून उष्ण हवेत त्याची साखर झपाट्याने चढते व आधीच कमी असलेली आम्लता आणखी उतरते. एप्रिलमधील खरड छाटणी व ऑक्टोबरची फळछाटणी या दख्खनी पद्धतीत घड फेब्रुवारी-मार्चच्या तापत्या दिवसांत पिकतात.