एफटीआयआयचा अर्ज : पात्रता साधी, खरी धावपळ दाखल्यांची

सिनेमा शिकायचा तर बारावीनंतर कुठली शाखा घ्यावी, असं पालक नेहमी विचारतात. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटपुरतं, म्हणजे एफटीआयआयपुरतं उत्तर सरळ आहे : बहुतेक विषयांसाठी कुठलीही शाखा चालते, पण आधी पदवी हवी. इथले मुख्य अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत. मराठी घेऊन बी.ए. झालेली मुलगी, कृषी पदवीधर आणि इंजिनिअर, तिघंही दिग्दर्शनासाठी सारख्याच हक्काने अर्ज करू शकतात. वयाची अट नाही. तालुक्याच्या कॉलेजांत ही साधी माहितीही पोचत नाही आणि चांगली मुलं अर्जच करत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

दोन विषयांना मात्र वेगळी अट आहे. ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचनेसाठी बारावीला भौतिकशास्त्र लागतं, त्यामुळे ज्याला आवाजाच्या कामाची ओढ आहे त्याने अकरावीचा फॉर्म भरतानाच हे ध्यानात घ्यावं. कला दिग्दर्शनासाठी उपयोजित कला, चित्रकला, शिल्पकला, वास्तुकला, अंतर्गत सजावट अशा विषयातली पदवी हवी. पूर्वी रंगांधळेपणामुळेही काही विषयांची दारं बंद होती. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रंगांधळ्या उमेदवारांना सर्व अभ्यासक्रमांना प्रवेश द्यावा, असा आदेश दिला. संकलनासाठी निवड होऊनही केवळ या कारणाने नाकारल्या गेलेल्या एका विद्यार्थ्याने ही लढाई लढली होती. त्यामुळे जुनी ऐकीव माहिती धरून कुणी मागे राहू नये.

आता दाखले. संस्था १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झाली, पुण्यातच आहे, पण ती केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाची. आपल्या मुलांचा घोळ होतो तो इथेच. राज्याच्या सीईटीसाठी काढलेला जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर (उन्नत गटात नसल्याचं प्रमाणपत्र) फायलीत तयार असतं, तेच अपलोड होतं आणि तपासणीत अडकतं. ओबीसी उमेदवाराला केंद्र शासनाच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग या वर्गवाऱ्या राज्याच्या आहेत. त्यांतल्या अनेक जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, म्हणून यादीत आपल्या जातीचं नाव स्वतः शोधा. मराठा समाजाचं एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षणही राज्यापुरतंच; केंद्रीय संस्थेत निकषांत बसत असाल तर ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणाचा, मार्ग मोकळा आहे.

ईडब्ल्यूएस आणि ओबीसी दोन्हीकडे वार्षिक उत्पन्नाची आठ लाखांची मर्यादा ऐकू येते, पण हिशेब वेगळा. ओबीसीच्या उत्पन्न निकषात आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. (आईवडील वरच्या सरकारी पदावर असतील तर पदाचा निकष वेगळा लागतो.) ईडब्ल्यूएसमध्ये पगार, शेती, धंदा, सगळं मोजतात, शिवाय कुटुंबाची शेतजमीन पाच एकर किंवा जास्त असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, दाखला मिळत नाही. कोरडवाहू पाच एकरांत काय पिकतं हे माहीत असलेल्यांना हा निकष बोचतो, पण आज तो तसाच आहे. ईडब्ल्यूएसचा दाखला आधीच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर मिळतो आणि एका वर्षापुरता चालतो. दाखल्यांसाठीचा अर्ज राज्याच्या 'आपले सरकार' संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून करता येतो. ईडब्ल्यूएसचा दाखला तहसीलदारांकडून येतो, जातीचा आणि नॉन-क्रिमीलेअरचा प्रांत कार्यालयातून. तलाठ्याचा उत्पन्न अहवाल, शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांच्या जातीचे पुरावे हे गोळा करण्यातच दिवस जातात, तेव्हा प्रवेशाच्या जाहिरातीची वाट पाहू नका.

नावाकडेही बघा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुधा उलट क्रम. ऑनलाइन फॉर्ममध्ये पहिलं नाव आणि आडनाव असे वेगळे रकाने असतील तर गुणपत्रिकेवरचा क्रम जसाच्या तसा उतरवू नका. आधारवर स्पेलिंग चुकलं असेल तर आधीच दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जवळ ठेवावी.

निवड होते लेखी परीक्षा आणि मुलाखतीतून. अभिनयासाठी ऑडिशन असते. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, म्हणून मराठी माध्यमातल्यांनी हिंदीत नेटकं लिहिण्याचा सराव ठेवावा. नुसत्या सामान्यज्ञानाच्या पाठांतरावर भागत नाही, वर्णनात्मक उत्तरांत तुमची नजर दिसावी लागते. एखाद्या चित्रपटातली पाच मिनिटं आवाज बंद करून बघा, मग डोळे मिटून तीच ऐका आणि दोन्ही वेळा काय कळलं ते पानभर लिहा. एसटी स्टँडवर अर्धा तास बसून नुसते आवाज टिपून काढा : घोषणा, हॉर्न, शेंगदाणेवाल्याची हाक, गाडी सुटल्यावरची शांतता. अशी वही मुलाखतीतही कामाला येते, कारण बोलायला स्वतःचं काही असतं.

एप्रिल २०२५ मध्ये एफटीआयआय आणि कोलकात्याची सत्यजित राय संस्था या दोघींना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यामुळे अभ्यासक्रमांची नावं, जागा, शुल्क आणि तारखा जुन्या यूट्यूब व्हिडिओवरून ठरवू नका, त्या वर्षीची माहितीपुस्तिका संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. कोलकात्याचीही बघा, निर्मिती आणि ॲनिमेशन शिकायचं असेल तर तिकडे स्वतंत्र विभाग आहेत. शेवटच्या वर्षाला असाल तर निकाल कधीपर्यंत सादर करायचा ती तारीख पुस्तिकेत आधी शोधा, आणि आपल्या विद्यापीठाचा निकाल त्याआत लागतो का, हे कॉलेजच्या परीक्षा विभागात विचारून मगच शुल्क भरा.