स्वस्तातला घोडा घेताय? इसार देण्याआधी हे वाचा

पाऊस ओसरला आणि पुण्यातला रेसचा मोसम उरकला की आम्हा घोड्यांच्या डॉक्टरांना फोन येऊ लागतात, 'ट्रेनरकडून एक घोडा जवळपास फुकट मिळतोय, घेऊ का?' पुढे दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा भरली की पुन्हा तेच. आणि दोन्ही वेळा एक प्रश्न ठरलेला: घोडाच एवढा स्वस्त, तर तपासणीवर कशाला पैसे घालायचे?

तपासणीची फी घोड्याच्या किमतीशी ताडून बघू नका. ४०० किलोच्या घोड्याला दिवसाला ६ ते ८ किलो सुका चारा लागतो, चंदी (दाणे) वेगळी. दर ४ ते ६ आठवड्यांनी नालबंद बोलवावा लागतो. पोटशूळ झाला तर उपचाराचं बिल घोडा कितीला घेतला ते बघून येत नाही. लंगडा घोडासुद्धा तेवढंच खातो, आणि घरच्यांचा जीव जडल्यावर त्याला परत पाठवणं कुणालाच जमत नाही.

आम्ही काय बघतो

घोडा आदल्या रात्रीपासून तबेल्यातच बांधलेला असावा, सकाळी फिरवलेला नसावा. अंग गरम झालं की ताठरपणा लपतो. आधी उभ्या घोड्याची तपासणी होते. विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४ असावी. हृदय, फुफ्फुसं, कातडी, दात बघतो. पाचव्या वर्षापर्यंत पुढचे सगळे पक्के दात आलेले असतात, तिथपर्यंत वय बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. पुढे तो अंदाजच असतो, म्हणून जत्रेत कुणी छातीठोकपणे 'आठ वर्षांचा' म्हणालं तर तेवढ्यावर भाव ठरवू नका.

डोळे अंधाऱ्या खोलीत बॅटरी मारून बघतो. घरचे लोक डोळ्यासमोर पंजा नाचवून बघतात, पण पंजाचा वारा लागला की आंधळा डोळाही मिटतो. एकच बोट, हळू, बाजूने आणा. एका डोळ्याने अधू घोडा शांत मैदानावर चालून जाईल, वरातीतल्या बँडच्या आणि दिव्यांच्या गर्दीत तो माणसं तुडवील.

सगळ्यात जास्त वेळ पायांना देतो. कडक जमिनीवर सरळ रेषेत आधी चालवतो, मग दुडकीने पळवतो. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं. मग एकेक सांधा मिनिटभर दुमडून धरतो आणि लगेच पळवतो. रेसमधून निवृत्त झालेल्या घोड्यांत पुढच्या पायाच्या मागची नस (टेंडन) हा नेहमीचा प्रश्न. जुनी दुखापत असेल तर नस केळ्यासारखी बाहेर वाकलेली दिसते. ती भरते, पण पूर्वीसारखी होत नाही. खुरावरची वळी टाचेकडे रुंद होत गेलेली दिसली, तर खुराला आतून सूज येऊन गेली असावी असं समजतो.

वेदनाशामक देऊन लंगडणं दडवता येतं, म्हणून तपासणीच्या वेळीच रक्ताचा नमुना काढून ठेवतो.

ही चाचणी टाळू नका

बाकी कुठे पैसे वाचवा, ग्लँडर्सच्या चाचणीत नको. हा रोग घोड्यापासून माणसाला होतो, त्यावर लस नाही, आणि बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या घोड्यातही तो असू शकतो. रक्ताची चाचणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. घोडा बाधित निघाला तर २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे आणि त्याला दयामरण द्यावं लागतं. तुमच्या तबेल्यात आधीपासून घोडे असतील तर अहवाल येईपर्यंत नवा घोडा आत घेऊ नका. त्याच रक्तात सर्रा हा परजीवीमुळे होणारा रोगही तपासून घ्यावा, तो चावणाऱ्या माश्यांमुळे पसरतो.

अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांबद्दल फार विचारलं जातं. देवमण, म्हणजे गळ्यावरचा शुभ मानला जाणारा भोवरा, असला तर भाव चढतो, तो व्यवहाराचा भाग आहे. तब्येतीशी भोवऱ्याचा संबंध नाही, म्हणून आमच्या अहवालात तो फक्त ओळखखूण म्हणून येतो.

अहवालात आम्ही पास-नापास लिहीत नाही. तुम्हाला घोडा कशासाठी हवा ते आधी सांगा. जुनी नस असलेला, स्वभावाने गरीब घोडा मुलांना चाल आणि दुडकी शिकवायला वर्षानुवर्षं उपयोगी पडतो. तोच उडीसाठी घेतला तर त्याचे हाल होतील. एक्स-रे सगळ्यांना लागतातच असं नाही, लागले तर आधी विचारून काढतो.

विकणारा आमचाच नेहमीचा ग्राहक असेल तर तसं तुम्हाला सांगतो आणि तपासणी दुसऱ्या डॉक्टरांकडे देतो. विकणाऱ्याने आणलेल्या डॉक्टरांचा दाखला मात्र तुमच्या तपासणीच्या जागी धरू नका.

तपासणीला साधारण दोन तास लागतात. घोडा धरायला त्याच्या ओळखीचा मोतद्दार (घोडा सांभाळणारा) असावा, आणि तुम्ही स्वतः हजर राहा. जत्रेतून घेणार असाल तर निघण्याआधी फोन करा, तिथे उभ्या उभ्या काय बघायचं ते सांगू आणि रक्ताची चाचणी कशी करायची तेही ठरवू. इसार द्यावाच लागला तर 'तपासणीत दोष निघाल्यास परत' असं पावतीवर लिहून घ्या.