रंगवलेली तबकडी कशी ओळखावी

मुंबईच्या जुन्या बाजारात साठ वर्षांपूर्वीचं स्विस घड्याळ हातात येतं. केसवर ओरखडे, काच पिवळट, चावीचे दात झिजलेले. तबकडी मात्र कालच कारखान्यातून आल्यासारखी. परदेशी संग्राहकांनी अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ असं टिंगलीचं नाव ठेवलंय. ते थोडं अन्यायाचंच आहे, कारण डागाळलेली तबकडी नवी करून देण्याचं काम युरोप-अमेरिकेतही सर्रास चालायचं. गिऱ्हाईकच तशी मागणी करी. फसवणूक सुरू होते ती अशी तबकडी मूळची म्हणून विकली की.

रंगवलेली तबकडी ओळखायची तर मूळ तबकडी घडते कशी ते आधी पाहावं लागतं. पितळेची पातळ चकती, मागे मशीनमध्ये बसणारे दोन बारीक पाय, वर चांदीचा मुलामा, ब्रशने उमटवलेल्या किरणांसारख्या रेघा आणि लाखेचा पारदर्शक थर. छपाईसाठी धातूच्या पाटीवर अक्षरं कोरलेली असतात. खाचांत शाई भरायची, मऊ गोळ्याने ती उचलायची आणि तबकडीवर टेकवायची. त्यामुळे मूळ अक्षर पृष्ठभागावर किंचित उठून दिसतं आणि त्याच्या कडा धारदार असतात. १० पटीचं भिंग घ्या, उजेड बाजूने तिरपा पाडा; शाईची उंची लगेच कळते.

रंगवणारा जुना रंग उतरवतो, पृष्ठभाग घासतो, पुन्हा मुलामा किंवा रंग देतो आणि नव्याने छापतो. अडचण इथेच येते: त्याच्याकडे कंपनीची मूळ पाटी क्वचितच असते. मग अक्षरं जाड होतात, त्यांची टोकं गोलावतात, दोन अक्षरांमधलं अंतर कमीजास्त होतं. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत. मिनिटांच्या रेघांचं वर्तुळ एका बाजूला कडेला चिकटतं, समोर मोकळी जागा उरते. धातूच्या खुणा न काढताच रंग मारला असेल, तर त्यांच्या बुडाशी तो साचलेला दिसतो. सेकंदाच्या छोट्या तबकडीतली बारीक वर्तुळाकार कोरीव रेघ घासण्यात बुजते किंवा रंगाने भरते. तारखेच्या खिडकीची कड पाहायला विसरू नका. ती बोथट दिसली की संशय घ्यावा.

६ च्या खालचं ‘स्विस मेड’ नाही म्हणून लगेच निकाल देऊ नये. काही मूळ तबकड्यांवर ते इतकं कडेला असतं की केसच्या आत झाकलं जातं. घड्याळजीकडून केस उघडून घ्या आणि मागची बाजूही पाहा: रंगाचे ओघळ, तुटून चिकटवलेले पाय. कडेला कानशीने पाडलेली लहान खाच हा रंगवणाऱ्याचा जुना शिरस्ता आहे, पण काही मूळ तबकड्यांनाही खाच असते. तेवढ्यावर भिस्त ठेवू नका.

सगळ्यांत बोलका पुरावा अंधारात चमकणाऱ्या रंगाचा. १९६० च्या आसपासपर्यंत त्यात किरणोत्सर्गी रेडियम असे, नंतर ट्रिटियम हा दुसरा किरणोत्सर्गी पदार्थ आला. ट्रिटियमच्या स्विस तबकड्यांवर ‘स्विस’च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी ‘टी’ छापू लागले. ट्रिटियमचा अर्धायुकाल (म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे १२.३ वर्षं, साठ वर्षांत त्यातलं तीन-चार टक्केच उरतं. रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षं, म्हणजे रेडियम जवळजवळ जसंच्या तसं असतं. पण त्याच्या किरणांच्या माऱ्याने रंगातलं प्रत्यक्ष चमकणारं रसायन, झिंक सल्फाइड, निकामी झालेलं असतं. म्हणून जुना रंग अतिनील टॉर्चखाली उजळला तरी टॉर्च बंद करताच बहुधा विझतो. हिरवी चमक कित्येक मिनिटं टिकली, तर तो रंग स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचा, म्हणजे १९९० च्या दशकातला किंवा त्यानंतरचा. १९५० च्या दशकातल्या घड्याळावर ‘टी’ दिसली, तर तबकडी रंगवलेली तरी आहे किंवा कंपनीनेच पुढे बदललेली. काट्यांतला रंग तबकडीवरच्या रंगाशी जुळतो का, तेही पाहा. रेडियमचा काटा वर्षानुवर्षं एका जागी थांबला असेल तर त्याखाली तपकिरी डाग उमटतो. असा डाग रंगवणारा सहसा ठेवत नाही, म्हणून तो दिसला तर आनंद माना.

मात्र रेडियमचा रंग खरवडू नका. त्याची धूळ श्वासावाटे आत गेली तर धोका खरा आहे.

एचएमटी या भारतीय कंपनीच्या घड्याळांच्या बाबतीत रंगच बरंच सांगतो. तिच्या ‘पायलट’ या मॉडेलची ओळखीची तबकडी काळी. पोपटी, भगवी, गुलाबी पायलट विकायला आली की सावध व्हा. देवनागरीत ‘जनता’ लिहिलेल्या तबकडीवर शिरोरेषा भिंगाखाली पाहा: ती एकसारखी जाडीची आणि सरळ आहे का, की अक्षरांच्या जोडांवर शाई फुगली आहे?

उलट, थोडी पिवळलेली, कडेला ठिपके पडलेली तबकडी हाती लागली तर ती साफ करण्याचा मोह आवरा. जुनी लाख तडकलेली असते. ओल्या कापसाचा एक फटकारा पुरे, आणि कंपनीचं नाव कापसावर येतं.