वनस्पतींच्या अर्काने मधुमेहाची किडनी पूर्ववत होते का?

‘अमुक अर्क तीन महिने घ्या, मधुमेहाने खराब झालेली किडनी पूर्ववत होईल’ हा दावा वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो खरा नाही.

त्यामागचे बहुतेक प्रयोग उंदरांवरचे. स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचे रसायन टोचून उंदरांच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतात, अर्क देतात आणि काही आठवड्यांनी लघवीतली प्रथिने मोजतात. माणसाची किडनी मात्र कित्येक वर्षांच्या वाढलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने झिजलेली असते. तिच्यातल्या सूक्ष्म गाळण्या व्रण पडून बंद झाल्या की पुन्हा तयार होत नाहीत.

‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?’ हा समज तर जास्तच घातक. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवण्यासाठी चिनी वनौषधी घेतलेल्या अनेक स्त्रियांच्या किडन्या निकामी झाल्या. कारण निघाले त्या वनौषधीतले अरिस्टोलोकिक आम्ल हे विषारी द्रव्य. पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला.

वनस्पतींशी वैर नाही बरं का! सफरचंदाच्या झाडाच्या सालीतल्या फ्लोरिझिन या द्रव्यावरूनच आजची एसजीएलटी-२ गटातली (जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी) मधुमेहाची औषधे घडली. पण साल उकळून नव्हे. रेणू बदलून आणि हजारो रुग्णांवर तपासून. त्यांतल्याच कॅनाग्लिफ्लोझिन या औषधाच्या २०१९ च्या चाचणीत ४,४०१ रुग्ण होते आणि किडनी निकामी होण्यासारख्या गंभीर घटनांचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी घटला. तिथेही झीज मंदावली, उलटली नाही.

अर्क घेत असाल तर डॉक्टरांना बाटली दाखवा, किडनीची स्थिती कळण्यासाठी लघवीतले अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि रक्तातले क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) तपासून घ्या, आणि चालू गोळ्या कृपा करून परस्पर बंद करू नका.