पोटाची बायपास झालेल्यांच्या पित्तनलिकेत खडा अडकल्यास

ईआरसीपीसाठी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेतला खडा काढण्यासाठी, नाव नोंदवताना नुसतं 'बायपास झालीय' म्हटलं, की ऐकणारा हृदयाची बायपास समजतो. म्हणून स्पष्ट सांगा: वजन कमी करण्यासाठी पोटाची बायपास झाली आहे. डिस्चार्ज कार्ड आणि मिळाली तर ऑपरेशन नोट सोबत आणाच. दुर्बीण कोणत्या वाटेने न्यायची, हे त्या कागदांवरून ठरतं.

ईआरसीपीची दुर्बीण जेमतेम सव्वा मीटर लांब. ती जठरातून लहान आतड्याच्या सुरुवातीला जाते आणि पित्तनलिका तिथेच उघडते. रू-एन-वाय बायपासमध्ये जठराची एक लहानशी पिशवी वेगळी करून ती खालच्या आतड्याला जोडतात. उरलेलं जठर पोटातच असतं, पण अन्नाच्या वाटेवर नसतं. मग पित्तनलिकेपर्यंत जायचं तर एका आतड्यातून खाली जोडापर्यंत उतरायचं आणि दुसऱ्यातून उलट वर चढायचं. तिथवर ही दुर्बीण पुरत नाही. मिनी बायपासमध्ये जोड एकच असला तरी वाट लांबच. 'स्लीव्ह' (जठर उभं कापून अरुंद करण्याचं ऑपरेशन) झालेल्यांना ही अडचण नसते, त्यांची वाट मूळचीच राहते.

वजन झपाट्याने उतरताना पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं, पित्ताशय नीट रिकामं होत नाही आणि खडे धरतात. ऑपरेशननंतर सहा महिने अर्सोडीऑक्सिकोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या देतात त्या यासाठीच. त्या मध्येच सोडू नका.

आधी एमआरसीपी करून घ्या. तो पित्तनलिका दाखवणाऱ्या एमआरआयचाच प्रकार, पोटात काही घालावं लागत नाही. नुसतं खडा आहे का हे बघायला ईआरसीपी करू नये, असं आमचं ठाम मत आहे, कारण तिच्यानंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

खडा नक्की असेल तर वाटा तीन. पहिली, फुगा बसवलेल्या लांब दुर्बिणीची: हिच्यात कुठेही छेद लागत नाही, पण वेळ बराच जातो आणि काही जणांत ती पोहोचतच नाही. दुसरी वाट लॅप्रोस्कोपीची: सर्जन पोटावरच्या लहान छिद्रांतून जुन्या, म्हणजे वाटेबाहेर उरलेल्या, जठराला तोंड करून देतात आणि नेहमीची दुर्बीण त्यातून आत जाते. पित्ताशय अजून काढलेलं नसेल तर आम्ही हीच सुचवतो, कारण एकाच भुलीत दोन्ही कामं होतात. तिसऱ्या वाटेत सोनोग्राफीच्या दुर्बिणीने पिशवी आणि जुनं जठर यांच्यामध्ये धातूचा रुंद स्टेंट बसवतात. बहुधा काही आठवडे थांबून, तो पक्का झाल्यावर त्यातून ईआरसीपी होते. पुढे स्टेंट काढायला यावंच लागतं. मधलं भोक बुजलं की नाही तेही बघावं लागतं, नाहीतर अन्न पुन्हा जुन्या वाटेने जाऊन वजन वाढू शकतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, आधी आम्हाला विचारा.

डोळे पिवळे, लघवी गडद आणि थंडी वाजून ताप, असं एकत्र दिसलं तर आमच्या तारखेची वाट पाहू नका. कावीळ उतरवायला झाडपाल्याच्या मागेही लागू नका. नलिकेत अडकलेला खडा त्याने निघत नाही आणि जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. जवळच्या मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी, रात्र असली तरी, जा आणि बायपासचे कागद सोबत न्या.