बफिंग पॅडची सफाई

बफिंग पॅडची सफाई : गाडीला पॉलिश करताना यंत्रावरच्या फोमच्या पॅडमध्ये साचलेले वापरून झालेले पॉलिश आणि घासून निघालेल्या रंगाचा भुगा काढून टाकण्याची क्रिया. ती दोन वेळा होते : काम चालू असताना, गाडीचा एकेक भाग झाल्यावर, आणि काम आटोपल्यावर, पाण्याने. विदर्भातल्या तालुक्याच्या गावी डेंटिंग-पेंटिंगच्या बहुतेक शेडमध्ये दुसरी होते, पहिली राहून जाते. खरे तर गाडीची चमक पहिलीवरच ठरते.

फोमचा पॅड पॉलियुरेथेनचा असतो आणि त्याची बारीक छिद्रे एकमेकांत उघडतात. पॉलिशमधले घासणारे कण, बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, या छिद्रांच्या तोंडाशी राहून रंगाचा अगदी पातळ थर काढतात. छिद्रे मळाने भरली की नवीन पॉलिशला जागा उरत नाही. कण गोळा होऊन सुटे फिरतात, बॉनेटवर पांढरी भुकटी उडते आणि यंत्र जड वाटू लागते. फोम उष्णता लवकर सोडत नाही, त्यामुळे भरलेला पॅड आतून तापतो. मागचा वेल्क्रो ज्या गोंदाने बसवलेला असतो तो ढिला पडतो आणि कधी पॅडच यंत्रावरून निसटतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो. एवढ्याशा थरावर गरम, मळका पॅड फिरला की उन्हात दिसणारी गोल चऱ्यांची जाळी उठते. ती काढायला पुन्हा तोच थर घासावा लागतो.

पॅडवर कोणता रंग आला हेही प्रत्येक सफाईच्या वेळी पाहावे. जुन्या काळीपिवळी जीप, ट्रॅक्टरचे बॉनेट, वर्षानुवर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या पांढऱ्या गाड्या यांवर अनेकदा क्लिअर कोट नसलेला साधा रंग असतो. तिथे पॅड रंगणारच, आणि उन्हाने मेलेला रंग भराभर सुटत असल्याने एका दरवाजातच तो भरतो. पण क्लिअर कोट असलेल्या गाडीवर पॅडला गाडीचा रंग लागला, तर वरचा थर संपला असे समजून यंत्र तिथल्या तिथे थांबवावे.

चालू कामातली सफाई सोपी आहे. स्वच्छ, जाड सुती टर्किश टॉवेलची घडी तळहातावर घट्ट धरायची, यंत्र सगळ्यांत कमी वेगावर ठेवायचे आणि फिरता पॅड त्यावर सपाट टेकवून काही सेकंद दाबायचा. ओला मळ टॉवेलमध्ये उतरतो. टॉवेलचे टोक किंवा सुटा दोरा लोंबत असेल तर तो यंत्रात गुंडाळला जातो, म्हणून घडी आधी नीट करावी. गळ्यातला दुपट्टा यासाठी मुळीच वापरू नये. मळ सुकून बसला असेल तर नायलॉनचा मऊ ब्रश मधून कडेकडे फिरवतात. तारेचा ब्रश किंवा लोकरीच्या पॅडसाठीचे दातेरी चाक फोमचे तुकडे पाडते.

त्याहून चांगला उपाय म्हणजे दाबाची हवा, आणि ती बहुतेक गावांत पंक्चरच्या दुकानात मिळते. नोझल तिरपे धरून मधून बाहेर हवा मारली की छिद्रांतला सुका भुगा उडतो आणि पॅड ओला होत नसल्याने काम लगेच पुढे चालते. कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेले पाणी आधी सोडून द्यावे, नाहीतर तेच पॅडमध्ये जाते. डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडाला मास्क हवाच. हा भुगा श्वासात जाण्याजोगा बारीक असतो. सफाईनंतर तुरीच्या दाण्याएवढे तीन-चार ठिपके पॉलिश पुरते. दसऱ्याच्या आधी गाड्यांची रांग लागते, तेव्हा एकच पॅड घासत बसण्यापेक्षा एका गाडीला तीन-चार पॅड आलटून पालटून वापरलेले बरे.

इथल्या हवेचाही या कामाशी संबंध आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पॉलिश पत्र्यावर आणि पॅडमध्येही मिनिटांत सुकते. अशा दिवसांत सकाळी लवकर, सावलीत काम करावे आणि अर्ध्या दरवाजानंतरच पॅड साफ करावा. जमिनीवर पडलेला पॅड गाडीला परत लावू नये, मग तो कितीही झटकलेला असो. अंगणातल्या मातीत वाळू असते, काळ्या मातीत चुनखडीचे खडेही असतात, आणि फोममध्ये रुतलेला एक खडा पूर्ण बॉनेटवर चरे ओढतो.

काम संपल्यावर पॅड सुकू न देता कोमट पाण्यात सौम्य द्रवसाबणाने धुवावेत. दाबून मळ काढावा, पिळू नये. रंगाच्या दुकानात थिनर हाताशी असते, पण थिनर, पेट्रोल किंवा उकळते पाणी फोम आणि गोंद दोन्ही बिघडवते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. तिथले बोअरचे पाणी खारे असते. पाणी उडून जाते, क्षार मात्र छिद्रांत राहतात आणि पॅड कडक होतो. म्हणून शेवटचा हात नळयोजनेच्या किंवा पिण्याच्या कॅनच्या पाण्याने द्यावा. चार पॅडला एक बादली पुरते. धुतलेले पाणी गुरांच्या हौदाजवळ किंवा विहिरीच्या काठी ओतू नये.

वाळवताना फोमची बाजू खाली आणि वेल्क्रो वर ठेवावा, म्हणजे पाणी गोंदाशी थांबत नाही. कडक ऊन फोमला पिवळा आणि ठिसूळ करते, त्यामुळे जागा सावलीची आणि वाऱ्याची हवी. रिकाम्या टिपाडात यंत्र धरून कमी वेगाने पॅड फिरवला तर बरेचसे पाणी आधीच निघते. पावसाळ्यात वरून कोरडा वाटणारा पॅड आतून ओलाच असतो; दाबून पाहावे. वाळलेले पॅड झाकणाच्या डब्यात ठेवावेत, कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास तर नक्कीच. कोणत्या पॅडवर कोणते पॉलिश लागले ते मागे मार्करने लिहावे. जाड कणांच्या कंपाऊंडचा पॅड धुतल्यावरही शेवटच्या चमकेसाठी वापरू नये. कडा फाटलेला, दाबल्यावर परत न फुगणारा किंवा वेल्क्रो सुटत चाललेला पॅड कितीही धुतला तरी कामाचा राहत नाही.